मंत्रचळ आणि हॉवर्ड ह्यूज: ‘दादाची धार जाईल का?’ या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल.

तुमचे दादा ४४ वर्षांचे. सुटे भाग बनवण्याचं त्यांचं वर्कशॉप आहे आणि ते त्यांनी शून्यातून उभं केलंय. गेली तीन वर्षं कारखान्यातून आले की दीड-दोन तास न्हाणीघरात असतात. वहिनी दारातच त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत घेतात. मुलांनी दप्तर हॉलच्या पुढे आणायचं नाही, किराणा पुसल्याशिवाय आत यायचा नाही. कारखान्यात ड्रॉइंग पाठवण्याआधी ते इतक्यांदा तपासतात की दोन ऑर्डरी हातच्या गेल्या. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, “हॉवर्ड ह्यूजही असाच होता. तो अब्जाधीश झाला ते याच स्वभावामुळे. गोळ्या देऊन माझी धार घालवायची आहे का?” आणि तुम्ही विचारलंय, हे खरं असेल तर त्यांच्या मागे लागून आपणच त्यांचं नुकसान करतोय का?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. मिरजेत २८ वर्षं प्रॅक्टिस करते आणि त्यातला मोठा भाग मंत्रचळाच्या (ओसीडीच्या, म्हणजे नकोसा विचार छळतो आणि तो शमवायला तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागते त्या आजाराच्या) रुग्णांबरोबर गेला. ह्यूज म्हणजे विसाव्या शतकातला अमेरिकी उद्योगपती, वैमानिक आणि चित्रपटनिर्माता. त्याचं नाव माझ्या खोलीत अधूनमधून निघतं, विशेषतः धंदेवाईक घरांतून. म्हणून मी त्याचं आयुष्य बारकाईने वाचून काढलं. दादांनी उदाहरण अगदी योग्य निवडलंय, पण त्यातून निघतं ते त्यांना वाटतं त्याच्या उलट.

एक गोष्ट आधीच सांगते. मी ह्यूजला तपासलेलं नाही आणि तुमच्या दादांनाही नाही. ह्यूजच्या बाबतीत गुंता मोठा आहे. विमान अपघातांत डोक्याला बसलेले मार, वर्षानुवर्षांचं दुखणं, वेदनाशामकांचं व्यसन, कमी होत गेलेली ऐकण्याची शक्ती, हे सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. तरी त्याच्या मृत्यूनंतर रेमंड फाउलर या मानसशास्त्रज्ञाने पत्रं, नोंदी आणि माणसांच्या मुलाखती यांवरून त्याच्या मनाचा मागोवा घेतला आणि मंत्रचळाची मुळं थेट लहानपणापर्यंत जातात असं दाखवलं. मला ते पटतं.

आता सुरुवातीपासून बघू, कारण दादांच्या म्हणण्याचा कस तिथेच लागतो.

ह्यूज १९०५ साली टेक्सासमध्ये जन्मला. वडील तेलाच्या धंद्यात होते. त्यांनी १९०९ मध्ये दोन फिरत्या शंकूंच्या ड्रिल-बिटचं पेटंट मिळवलं. आधीच्या हत्यारांना दाद न देणारा कठीण खडक हे बिट फोडत असे. पण खरी शक्कल त्यापुढची होती. ते बिट विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. खडक कुठेही फोडा, पैसा त्यांच्या ह्यूस्टनच्या कंपनीकडे येणार. तुमचे दादा याच क्षेत्रातले आहेत, त्यांना यातली गंमत लगेच कळेल. तर ह्यूजच्या संपत्तीचा पाया हा होता. तो त्याच्या स्वभावाने घातलेला नाही, वडिलांच्या पेटंटने घातलाय.

आई त्याच्या तब्येतीवर सतत नजर ठेवून असे. पोलिओची साथ आली की हवालदिल होई. किशोरवयात एकदा काही महिने त्याला चालताच येईना. कारण सापडलं नाही आणि मग तो बराही झाला. १९२२ मध्ये आई गेली, १९२४ मध्ये वडील. दोघंही अचानक गेली. १८ वर्षांचा हा मुलगा नातेवाइकांचा वाटा विकत घेतो, कोर्टातून सज्ञान ठरवून घेतो आणि कंपनी ताब्यात घेऊन सिनेमे काढायला लॉस एंजेलिसला जातो. एकोणिसाव्या वर्षी एवढी हिंमत! ही त्याची धार खरी होती, आणि ती मी कधीच नाकारणार नाही.

सिनेमातही त्याने थट्टा करून घेतली नाही. त्याने पैसा घातलेल्या १९२७ च्या एका विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शकाला, लुइस माइलस्टोनला, पहिल्याच ऑस्कर समारंभात पुरस्कार मिळाला. मग त्याने पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवर ‘हेल्स एंजल्स’ काढायला घेतला. दिग्दर्शकांशी पटेना, तेव्हा स्वतःच दिग्दर्शन हाती घेतलं. खरी विमानं जमवली. आकाश निरभ्र असेल तर विमानांचा वेग पडद्यावर कळत नाही, म्हणून हवे तसे ढग येईपर्यंत अख्ख्या पथकाला थांबवून ठेवलं. एक कसरत धोक्याची आहे म्हणून वैमानिकांनी नकार दिला, तेव्हा स्वतः उडाला आणि आपटला. मधेच बोलपट आले, तर तयार होत आलेला मूकपट त्याने पुन्हा आवाजासह चित्रित केला. नायिकेच्या उच्चारात नॉर्वे ऐकू येत होतं, म्हणून तिच्या जागी जीन हार्लो नावाची जवळपास अनोळखी मुलगी आणली. १९२७ मध्ये सुरू झालेलं काम १९३० मध्ये पडद्यावर आलं. त्यापायी माणसं मेली, हेही सांगायलाच हवं. पण चित्रपट पूर्ण झाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

इथे दादा म्हणतील, “हेच तर मी सांगतोय! ढगांसाठी थांबणं वेड नाही तर काय?”

मी म्हणेन, नाही. तो चोखंदळपणा होता. चोखंदळपणा आणि मंत्रचळ बाहेरून सख्ख्या भावांसारखे दिसतात. मी माझ्या खोलीत त्यांना एका साध्या प्रश्नाने वेगळं करते: काम संपतं का? ढग आले की कॅमेरा फिरला. थांबण्याला कारण होतं, ते कारण कामात होतं, मनातल्या भीतीत नव्हतं. आणि ते पुरं झालं की माणूस पुढे गेला.

त्याचं विमान घ्या. १९३५ मध्ये त्याने एच-१ बनवलं आणि ताशी ५६७ किलोमीटरचा विक्रम केला. शेवटी इंधन संपलं आणि बीटच्या शेतात उतरावं लागलं. त्या विमानाच्या अंगावरचा प्रत्येक रिव्हेट (पत्रे जोडणारा खिळा) पत्र्याच्या पातळीत बसवलेला होता, कारण वर आलेलं डोकं हवेला अडतं. चाकं पोटात ओढून घेतली जात. एवढा बारकावा! पण त्यातला प्रत्येक बारकावा वेगाच्या आकड्यात दिसत होता. दादा मायक्रोमीटर लावतात तेव्हा मोजमाप टॉलरन्सच्या, म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या, आत आलं की भाग पुढे जातो ना? तेच. १९३७ मध्ये त्याने लॉस एंजेलिस ते नेवार्क हे अंतर साडेसात तासांच्या आत कापलं. १९३८ च्या जुलैत चार साथीदारांना घेऊन न्यूयॉर्कहून निघाला आणि पॅरिस, मॉस्को, सायबेरिया, अलास्का करत ९१ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला. त्यामागे महिनोन्महिन्यांची तयारी होती. पण एक दिवस तयारी थांबली आणि विमान उडालं.

आता दुसरी बाजू.

बऱ्याच वर्षांनंतरचं एक टिपण आहे. टिपण मदतनिसांसाठी, विषय फळांचा डबा कसा उघडायचा. टेबल तयार करणे, डबा आणणे, डबा धुणे, पुसणे, हातांवर करायची प्रक्रिया, डबा उघडणे, फळं काढणे, त्या वेळी डब्याजवळ कसं वागायचं आणि शेवट. पानंच्या पानं सूचना. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. अशी टिपणं मी पाहिलेली आहेत. वहीच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलेली, सुनेसाठी किंवा बायकोसाठी, ‘दूध आत कसं घ्यायचं’ असं. रिव्हेट बसवणारी बुद्धी तीच, बारकाव्याची ताकद तीच. पण इथे ती कशालाच लागत नाही. डबा उघडल्याने काही वेगवान होत नाही, कुणी बरं होत नाही. भीती दहा मिनिटं शमते आणि पुढच्या डब्याला पुन्हा उभी राहते.

हीच गोष्ट त्याच्या सिनेमांत बघा. पहिल्या मोठ्या चित्रपटाला तीन वर्षं लागली. १९४८ मध्ये त्याने आरकेओ हा अख्खा स्टुडिओ विकत घेतला. म्हणजे आता अडवणारं कुणी उरलं नाही. तिथे १९४९ मध्ये त्याने जेट वैमानिकांवरच्या एका चित्रपटाचं चित्रीकरण सुरू केलं. तो पडद्यावर आला १९५७ मध्ये. विमानांची ती दृश्यं तो पुन्हापुन्हा जोडत-तोडत राहिला आणि तोवर नवलाईची म्हणून दाखवायची जेट विमानं जुनी होऊन गेली. स्टुडिओ तर त्याने त्याआधीच, १९५५ मध्ये विकून टाकला होता. माणूस तोच, आवड तीच, पैसा उलट वाढलेला. बदललं ते एवढंच, की काम संपेनासं झालं.

तुमच्या दादांनी गमावलेल्या दोन ऑर्डरी मला इथे दिसतात.

मधल्या काळात काय घडलं हे सोडून देणं अन्यायाचं होईल. १९४६ च्या जुलैत तो स्वतः बनवलेलं एक टेहळणी विमान उडवत होता. तेल गळून एका पंख्याची पाती उलटी फिरली आणि विमान बेव्हर्ली हिल्समधल्या घरांवर कोसळलं. आगीतून त्याला एका मरीन सार्जंटने ओढून काढलं. छाती चिरडली, जागोजागी भाजलं. वेदनांसाठी सुरू झालेलं अफूच्या जातीचं औषध पुढे कधीच सुटलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या युद्धकाळातल्या विमानांच्या कामाबद्दल झालेल्या अमेरिकी सिनेटच्या चौकशीत तो ताठ उभा राहिला. त्याने युद्धकाळात बांधायला घेतलेलं महाकाय लाकडी विमान उडणारच नाही असं म्हणणाऱ्यांना त्याने २ नोव्हेंबर १९४७ ला लाँग बीचच्या बंदरात उत्तर दिलं. ९७ मीटरहून जास्त पंखविस्तार असलेलं ते विमान पाण्यावरून उचललं गेलं, दीडेक किलोमीटर उडलं आणि खाली बसलं. पुन्हा कधीच उडलं नाही. पण त्याच्या मृत्यूपर्यंत, जवळजवळ तीस वर्षं, ते हवामान नियंत्रित केलेल्या शेडमध्ये जपून ठेवलेलं होतं. मला त्या शेडचं वाईट वाटतं. ना उडवायचं, ना सोडायचं.

‘हेच माझं इंधन’ या वाक्याला माझं सगळ्यात ठाम उत्तर त्याच्या कंपनीच्या इतिहासात आहे. ह्यूज एअरक्राफ्ट या त्याच्या विमान कंपनीत सायमन रॅमो आणि डीन वुल्ड्रिज असे अव्वल दर्जाचे दोन शास्त्रज्ञ होते. १९५३ मध्ये ते दोघंही सोडून गेले आणि स्वतःची कंपनी काढून बसले, कारण वरून निर्णयच होत नव्हते. सरकारने दटावलं, तेव्हा कंपनीचा कारभार ह्यूजच्या रोजच्या हाताबाहेर गेला. आणि मग काय झालं? १९६० मध्ये तिथल्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमनने जगातला पहिला लेझर पेटवला. १९६३ मध्ये सिंकॉम-२ हा पृथ्वीच्या फिरण्याशी ताल जुळवणारा पहिला उपग्रह वर गेला. १९६६ मध्ये तिथेच बनलेलं सर्व्हेयर-१ चंद्रावर अलगद उतरलं. त्याच्या नावाची सगळ्यात देखणी कामं अशा ठिकाणी झाली जिथे त्याच्या आजाराचा हात पोचत नव्हता. आजार हे इंधन असतं, तर तो जिथे सर्वांत जास्त होता तिथेच दिवा लागला असता.

आता ज्या भागासाठी मी हे एवढं लांबण लावलं, तिथे येते. हा भाग दादांपेक्षा वहिनींनी वाचावा अशी माझी इच्छा आहे.

मंत्रचळाचं यंत्र साधं आहे. मनात एक नकोसा विचार येतो, ‘हाताला काही लागलं असेल’, ‘मोजमाप चुकलं असेल’. काळीज धडधडतं. हात धुतले, पुन्हा तपासलं, की धडधड कमी होते. मेंदू त्यातून धडा घेतो, की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते आणि जास्त धुणं मागते. हे चक्र माणूस एकटा फार काळ चालवू शकत नाही. दिवसाला २४ तास आहेत, हाताची सालपटं निघतात, घरचे ओरडतात, नोकरी जाते. कुठेतरी भिंत आडवी येते आणि बहुतेक रुग्ण त्या भिंतीशी आमच्याकडे येतात.

ह्यूजला ही भिंत कधी लागलीच नाही. त्याच्याजवळ इतका पैसा होता की त्याने त्याच्या भीतीसाठी माणसं नोकरीला ठेवली. हॉलिवूडच्या रोमेन स्ट्रीटवरच्या इमारतीतून निरोप फिरत. पाळ्या लावून मदतनीस त्याच्याजवळ बसत. वस्तू कागदी रुमालांत धरून द्यायची, दार कसं उघडायचं, कुठे उभं राहायचं, बोलायचं की नाही, सगळं ठरलेलं. १९६६ च्या नोव्हेंबरात तो लास वेगासच्या डेझर्ट इन हॉटेलात वरच्या मजल्यांवर येऊन राहिला. जुगारी ग्राहकांसाठी खोल्या हव्या म्हणून हॉटेलवाल्यांनी निघायला सांगितलं, तर त्याने हॉटेलच विकत घेतलं. रात्री हवे ते सिनेमे लागावेत म्हणून गावातलं टीव्ही केंद्र घेतलं. पडदे बंद. रॉबर्ट माहू हा त्याचा नेवाडातला सगळा कारभार बघणारा माणूस. त्याने ह्यूजला समोरासमोर कधीही पाहिलं नाही. फोन आणि पिवळ्या कागदांवरच्या चिठ्ठ्या, एवढ्यावर वर्षं गेली.

लोक हा किस्सा श्रीमंतीची कमाल म्हणून सांगतात. मी तो आजाराची कमाल म्हणून वाचते. ज्या माणसाने अख्ख्या पृथ्वीला फेरी मारली, त्याची दुनिया एका अंधाऱ्या खोलीएवढी झाली, आणि ती तशी होईपर्यंत भोवतालच्या एकानेही ‘साहेब, हे मी करणार नाही’ असं म्हटलं नाही. म्हणणाऱ्याची नोकरी गेली असती. जवळचे डॉक्टरही पगारावरच होते.

५ एप्रिल १९७६ ला मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून ह्यूस्टनला नेताना विमानातच तो गेला. सव्वासहा फुटांवर उंची, वजन जेमतेम ४२-४३ किलो. मूत्रपिंडं निकामी झालेली. क्ष-किरण तपासणीत दंडात इंजेक्शनच्या तुटलेल्या सुया दिसल्या. ओळख पटवायला बोटांचे ठसे घ्यावे लागले. १९५३ मध्ये त्याने वैद्यकीय संशोधनाची एक संस्था स्थापन केली होती. ती आज जगातल्या सर्वांत मोठ्या खासगी वैद्यकीय संशोधन संस्थांपैकी एक आहे. आणि त्याच्या स्वतःच्या अंथरुणाशी नीट उपचार पोचले नाहीत.

वहिनी बादली धरतात, मुलं दप्तर बाहेर ठेवतात, तुम्ही फोनवर “हो दादा, दरवाजा लावलाय” असं पाचव्यांदा सांगता, ही सगळी त्या मदतनिसांचीच कामं आहेत. फक्त पगार नाही, माया आहे. यात तुमची चूक नाही. तळमळणारं माणूस समोर असताना कोण बादली धरणार नाही? पण प्रत्येक बादलीगणिक त्या चक्राला आणखी एक फेरा मिळतो.

हे मी कडू अनुभवातून सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मी घरच्यांना “जरा सांभाळून घ्या, विरोध करू नका” असं सांगत असे. एका घरी सासूबाईंचं सोवळं म्हणून सगळ्यांनी सांभाळलं. (आपल्याकडे हा आजार सोवळ्याच्या, शिस्तीच्या, टापटिपीच्या नावाखाली किती वर्षं लपतो!) औषध चालू होतं, तरी दोन वर्षांत त्या बाईंचं जग स्वयंपाकघरातून एका पाटावर आलं. मी घरच्यांना बरोबर बसवलं नव्हतं आणि घरच्यांनी काय थांबवायचं हे शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मंत्रचळाच्या रुग्णाची पहिली भेट मी एकट्याची घेत नाही.

ह्यूजच्या काळी उपाय नव्हताच का? फारसा नव्हता, हे खरं. पण तो डेझर्ट इनमध्ये शिरला त्याच वर्षी, १९६६ मध्ये, लंडनला व्हिक्टर मेयर यांनी एक नवी पद्धत वापरून रुग्ण सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. रुग्णाला त्या भीतीच्या वस्तूजवळ न्यायचं आणि धुणं-पुसणं होऊ द्यायचं नाही, सोबत बसून राहायचं. भीती चढते, थांबते आणि हात न धुताही उतरते. मेंदूला पहिल्यांदाच नवा धडा मिळतो. आज मंत्रचळावरच्या उपचारांचा कणा हीच पद्धत आहे. जोडीला सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी औषधं असतात.

आता ‘धार’. दादांची भीती मी थट्टेवारी नेत नाही, कारण ती जवळपास प्रत्येक कर्तबगार रुग्णाला असते. या गोळ्या गुंगीच्या नाहीत आणि त्यांची सवय लागत नाही, मात्र मनाने एकदम बंद करायच्या नसतात. सुरुवातीला मळमळ, झोपेत बदल, काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, हे त्रास होऊ शकतात आणि ते डॉक्टरांना मोकळेपणी सांगायचे, डोस किंवा औषध बदलता येतं. मंत्रचळात डोस बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात “काही फरक नाही” म्हणून सोडणारे खूप असतात, ते होऊ देऊ नका.

आणि बुद्धीचं काय होतं? एक छापखानेवाले होते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदलतेय. प्रूफ सोळा-सोळा वेळा वाचायचे, लग्नपत्रिका लग्नानंतर छापून व्हायच्या अशी पाळी आली होती. उपचारात आम्ही ठरवलं, दोनदा वाचायचं आणि यंत्रावर चढवायचं, मग जीव कितीही कासावीस होवो. पहिला आठवडा ते घामाघूम. चौथ्या महिन्यात म्हणाले, “मॅडम, चूक आधीही दुसऱ्याच वाचनात सापडायची. पुढची चौदा वाचनं मी वाचतच नव्हतो, घाबरत होतो.” त्यांची नजर तशीच तीक्ष्ण राहिली. फक्त दिवसाचे चार तास मोकळे झाले.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. दादांना हे आपलंच मन करतंय आणि अति आहे, हे निदान रात्री तरी कबूल होतं का? होत असेल तर वाट सोपी. भीती अजिबात नाही, त्रास नाही, फक्त सगळं माझ्याच पद्धतीने झालं पाहिजे, असा आयुष्यभराचा खाक्या असेल तर तो वेगळा प्रकार आहे आणि त्याचे उपचार वेगळे. दीड-दोन तासांच्या अंघोळीवरून मला तसं वाटत नाही. सोबत उदासी, झोप उडणं, दारू किंवा झोपेच्या नाहीतर दुखण्याच्या गोळ्या वाढणं यांतलं काही असेल तर वेळ घालवू नका. ह्यूजला आधी कशाने पोखरलं आणि नंतर कशाने, हे आठवा. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

उद्यापासून सगळं एकदम बंद करू नका, कृपा करून. बादली फेकली, दप्तर हॉलमध्ये आणलं, फोन उचलला नाही, असं एका दिवसात केलं तर घरात युद्ध होईल आणि हरणार तुम्हीच. वहिनींनी एकच गोष्ट निवडावी, त्यातल्या त्यात हलकी. माझ्या मते किराण्याच्या पिशव्या. दादा शांत असताना, रात्री जेवणं झाल्यावर, सांगावं: “अहो, तुमची घालमेल मला दिसते. तुमच्यासाठी मी काहीही करीन. पण पिशव्या पुसणं हे मी तुमच्यासाठी करत नाही, त्या भीतीसाठी करते, आणि ती रोज वाढतेय. सोमवारपासून मी पुसणार नाही. तुम्हाला जड जाईल तेव्हा मी शेजारी बसेन.” आणि खरंच बसायचं. वाद घालायचा नाही, ‘काही होत नाही’ असं शंभरदा समजवायचंही नाही, कारण समजावणं हीसुद्धा एक बादलीच असते. डॉक्टर मिळाल्यावर पुढच्या पायऱ्या त्यांच्यासोबत ठरवा. अपॉइंटमेंट घेताना विचारून घ्या, की मंत्रचळासाठी औषधांबरोबर वर सांगितलेली वर्तनोपचाराची पद्धत तुमच्याकडे होते का. होत नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जा.

दादांशी बोलताना ह्यूजचा विषय तुम्हीच काढा. त्याला वेडा म्हणू नका, दादांच्या मनात त्याच्याविषयी आदर आहे आणि तो रास्त आहे. त्यांना एच-१ च्या रिव्हेटांबद्दल सांगा, मग फळांच्या डब्याबद्दल सांगा, आणि विचारा: यातलं आपल्या वर्कशॉपमध्ये रोज काय चालतं? ड्रॉइंग शेवटचं कधी एकदाच तपासून पाठवलं होतं, आणि त्या भागाचं पुढे काय झालं? ते काय म्हणतात ते मला कळवा. त्यांना आधी औषधाकडे न्यायचं की आधी समुपदेशकाकडे, हे त्यावरून मला जास्त नीट सांगता येईल.